दोन वाजताची शांतता

९ ऑक्टोबर, गुरुवार

गावात येऊन सहा दिवस झाले आणि सहाही दिवस कुणी ना कुणी विचारलंच, "काऊन बे दुर्गेश, परत कधी जाऊन राहिला?" आलेल्या माणसाला आधी बस म्हणावं, ही रीत इथे नाहीच. मी म्हणतो, सुट्टीवर आलोय. सुट्टीवर आलेला माणूस धानाच्या कोठीत स्वतःला कोंडून इंग्रजी का झाडतो, हे विचारण्याइतकं डोकं कुणाला नाही. तेवढंच माझं नशीब.

खरं काय ते या वहीत लिहून ठेवतो, कारण बोलायला कुणी नाही. व्हॅलेन्सियात अडीच वर्षं राहिलो. कंपनी हॉलंडची, काम घरी बसून, कॉम्प्युटरवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी निस्तरायचं. अट एकच, राहायचं युरोपातच. बाहेरून काम करताना सापडलो तर नोकरी गेली, आणि नोकरी गेली की स्पेनमध्ये राहण्याचा परवानाही गेला. सप्टेंबरात घरमालकीण पिलारबाई म्हणाली, खोली सोड. मला महिन्याने देण्यापेक्षा टुरिस्टांना दिवसाने देणं तिला बरं वाटलं. अकरा खोल्या पाहिल्या. नाव ऐकलं की खोली 'कालच गेलेली' असायची. आमच्या जिन्याच्या भिंतीवर कुणीतरी लाल रंगाने लिहून ठेवलं होतं, परक्यांनो घरी जा. गेलो बाबा. ओळखीच्या एकाची खोली एक डिसेंबरला रिकामी होणार आहे. अठ्ठावीस नोव्हेंबरचं तिकीट आहे. तोवर माझा साहेब योरिस याला मी व्हॅलेन्सियातच बसलोय असं वाटत राहिलं पाहिजे. बस, एवढंच जमवायचं आहे.

घरच्यांना पहिल्याच दिवशी बजावून सांगितलं. रोज दुपारी एकला मिटिंग. तिकडचे साडेनऊ. त्या एका तासात या घरात भांडं पडलेलं मला चालणार नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

कोठी आता बरी झाली. पोती काढून छपरीत लावायला लावली. मागच्या भिंतीला चुना मारला आणि व्हॅलेन्सियाहून आणलेली निळी फरशी खिळ्याने टांगली. कॅमेऱ्यात तेवढंच दिसतं, पांढरी भिंत आणि निळी फरशी. पोती हलवताना हेमराज, माझा धाकटा भाऊ, तोंड वाकडं करून म्हणाला, "कोठी धानासाठी हाय, दादा. माणसासाठी आंगण हाय." मी म्हटलं, अंगणात बसून योरिसला कोंबड्या दाखवू का? तो पोती उचलत राहिला. त्याची बायको खुशबू माझ्याशी बोलत नाही. मी भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ पडलो, त्यामुळे दाराआडून आईला सांगते, "दादाजीले सांगा, भात थंडा होऊन राहिला." मी दोन हातांवर असतो तरी. या एकविसाव्या शतकात.

पंचायतीच्या फायबरवरून वायफाय घेतला आहे. मोबाइलची रेंज हवी तर पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं. लाइट गेली की वायफाय मेलाच, मिटिंग तिथेच तुटते. मग योरिसला उद्या सांगायचं की इमारतीत दुरुस्ती चालू आहे. त्याला खरं वाटतं. लाइट गेली की मिटिंग बंद, हे आता आईलाही पाठ झालंय. पंखा थांबला रे थांबला की आतून ओरडते, "लाइट गेली रे दुर्गेश! आता बोललं तं चालते का?" आणि उत्तराची वाट न पाहता मनसोक्त खोकून घेते. तिला खोकला आहे. मी आल्यापासून आहे, आधीपासूनही असेल.

२७ ऑक्टोबर, सोमवार

आज डोकं फिरलं. काल तिकडे घड्याळं एक तास मागे गेली, म्हणजे मिटिंग आजपासून आपल्या दोनला. दोनला मी योरिसशी बोलायला तोंड उघडतो तोच स्वयंपाकघरात मिक्सर सुरू. योरिसने विचारलं, हे काय? म्हटलं, खाली रस्ता खोदताहेत. मिटिंग संपल्यावर बाहेर येऊन काय बोलायचं ते बोललो. चांगलं मोठ्याने बोललो.

आई म्हणाली, "एक वाजल्यापासून चुपच तं बसून होतो आमी. दोन वाजले, म्हटलं झालं असन."

घड्याळ बदलणार हे सांगायचं माझ्याकडून राहिलं, हे खरं आहे. पण आणखी एक तास गप्प बसल्या असत्या तर काही बिघडत नव्हतं. बाबा ओट्यावर बसले होते, ते म्हणाले, "तिथले लोक घडीलेबी मागंपुढं करून राहिले का?" आणि घरातल्या घड्याळाखाली खडूने एक मोठा दोन लिहिला. आता तो दोन रोज डोळ्यांसमोर.

३० ऑक्टोबर, गुरुवार

दोन दिवस अवेळी पाऊस. छपरीतली पोती खालून भिजली. आई आणि खुशबू सकाळपासून धान पसरून वाळवताहेत आणि घरभर कुबट वास. हेमराज दर पोत्यागणिक कोठीच्या दाराकडे बघतो. मी काय पावसाला बोलावलं होतं?

व्हॅलेन्सियात रविवारी पिलारबाई मोठ्या कढईत भात करायची. एकदा मी कालथ्याने भात हलवला तर माझ्या हातावर चापट मारली. भात हलवायचा नसतो म्हणे. ज्याच्या जिल्ह्यात दर चार पावलांवर राइस मिल आहे त्या माणसाला ही बाई भात शिकवते! इथे बाबा म्हणतात, मला धानाचा ओलावा दाताखाली कळत नाही. दोन्हीकडे भातच, आणि दोन्हीकडे मीच बिनअकलेचा.

४ नोव्हेंबर, मंगळवार

योरिसचा मेल. बारा तारखेला दुपारी दोनला रोजची मिटिंग नाही, फक्त त्याच्याशी 'वर्षभराच्या कामावर' बोलणं. मागच्या वर्षी याच बोलण्यात पगार वाढला होता. आता टीमची जबाबदारी देतील, असं वाटतंय. त्या दिवशी भिंत, उजेड, आवाज सगळं नीट हवं. सगळं त्या एका तासावर आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार

आणि नेमकी बारालाच गावची मंडई, म्हणजे जत्रा! दवंडी आली. दिवाळीनंतर सगळ्या गावांच्या मंडया लागतात, घराघरात पाहुणे, दिवसा दंडार, रात्री नाटक. दंडार म्हणजे कमरेला घुंगरू बांधून टिपऱ्या घेऊन नाचणारे पंधरा बाप्ये, ढोलकी, टाळ आणि कान फुटेस्तोवर गाणं. आमच्या गावची दंडार आजोबांनी उभी केली, म्हणून तिचा पहिला फेर आमच्या अंगणात होतो आणि ढोलकी बाबांच्या गळ्यात असते. वेळ? दुपारचे दोन. दुसरी कुठली असणार.

संध्याकाळी बाबांना सांगितलं, यंदा आपल्याकडे नको.

"किती वाजता हाय तुहं?"

"दोन."

"दोनलेच तं दंडार निंगते."

"म्हणूनच सांगतोय. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे, बाबा. एक ढोलकी ऐकू गेली की संपलं."

बाबा बराच वेळ दुपट्ट्याची घडी घालत बसले. घातली, मोडली, परत घातली. मग म्हणाले, "बरं. शालीकरामले सांगतो." शालीकराम आमच्या गल्लीच्या टोकाला राहतो, त्याचं अंगणही मोठं आहे. वाटलं होतं तेवढा तमाशा झाला नाही. सुटलो.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

हेमराजशी भांडण. चांगलं कडाक्याचं.

खळ्यावरून आला तो तसाच घामेजलेला कोठीत शिरला. नशीब, मी मिटिंगमध्ये नव्हतो. म्हणाला, "दंडार शालीकरामच्या इथं देली म्हणे?"

"एका वर्षासाठी."

"एका वर्षासाठी नसते ते! एकदा फेर दुसऱ्याच्या आंगणात गेला का तिथलाच होते. शालीकराम वीस वर्षांपासून वाट पाहून राहिला. बाबा सोता गेले त्याच्या दारात, सोता बोलले. तुले मालूम नाही का हे?"

मला माहीत नव्हतं. असेल कधीतरी ऐकलेलं, पण लक्षात ठेवण्यासारखं वाटलं नसेल. मी म्हटलं, अंगणात पंधरा माणसं नाचली नाहीत म्हणून कुणी उपाशी मरत नाही. माझी नोकरी गेली तर मी कुठे जाऊ?

त्यावर तो हसला. हसण्यासारखं मी काही बोललो नव्हतो. म्हणाला, "तुले तिथंबी लपून राहा लागत होतं, इथंबी लपूनच राहून राहिला. मंग तू राहतेस तरी कोठं, दादा?"

मी त्याला बाहेर व्हायला सांगितलं. स्वतःच्या बापाच्या कोठीतून मी त्याला हाकललं असं आता तो गावभर सांगेल. सांगू दे. याला आयुष्यात कधी परक्याच्या दारात उभं राहून आपलं नाव तीनदा सांगावं लागलेलं नाही. हा रोज आपल्याच बांधावरून येतो आणि मला शहाणपण शिकवतो.

८ नोव्हेंबर, शनिवार

आई मिटिंगच्या वेळी घरात नसते, हे आज लक्षात आलं. शनिवारी सुट्टी, मी दोनला बाहेर होतो, तर ही सवयीने नहराकडे, कालव्यावर निघालेली, मागे खुशबू पाण्याचा लोटा घेऊन. विचारलं तर म्हणाली, "तिथं हवा बरी राहते." बरं आहे. मजेत आहेत सगळे. कोंडलाय तो मीच.

११ नोव्हेंबर, मंगळवार

तयारी झाली. योरिस म्हणाला तिकडे थंडी पडलीय, म्हणून उद्या स्वेटर. लाइट जाऊ नये म्हणून हेमराज न बोलता लाइनमनकडे जाऊन आला, असं आईने सांगितलं. घरात पाहुणे भरलेत, दोन आत्या, मामा, त्यांची पोरं. सगळ्यांना दीडलाच मंडईत पिटाळायचं ठरलंय. आत्या म्हणाली, "आपल्याच घरून निंगाचं का आमी?" बाबा म्हणाले, "एक तासाचं काम हाय, बाई."

मी टीमच्या जबाबदारीवर काय बोलायचं ते पाठ केलंय.

१२ नोव्हेंबर, बुधवार

लिहितो. कुणाला तरी सांगावं लागणारच, तर आधी वहीलाच.

दोनला एक मिनिट कमी असताना बसलो. घरात कुणी नाही. गल्लीत कुणी नाही. अशी शांतता व्हॅलेन्सियातही कधी मिळाली नव्हती. स्क्रीनवर योरिस आणि शेजारी एक बाई, मी कधी न पाहिलेली. योरिस म्हणाला, तुझ्याकडे किती शांत असतं रे! मी म्हटलं, व्हॅलेन्सियात सकाळी असंच असतं. तो म्हणाला, छान. मग म्हणाला, आमच्या विभागाचं काम आता मशीनच करणार आहे, एकूण नऊ जागा बंद, तुझी त्यातली एक, महिनाअखेरपर्यंतचा पगार मिळेल, उद्यापासून काम करायची गरज नाही. बाई काहीतरी कायद्याचं बोलली. मी 'थँक यू' म्हटलं. का म्हटलं, देव जाणे. चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

इथून बोलतोय हे त्यांना कळलंच नव्हतं. कळलं असतं तरी काही फरक पडला नसता.

लॉगिन तिथल्या तिथे बंद झालं. स्वेटर अंगावर तसाच ठेवून बाहेर पडलो. गल्लीच्या टोकाला दंडारचा पहिला फेर चालू होता, शालीकरामच्या अंगणात. त्याची बायको नाचणाऱ्यांना कुंकू लावत होती. आजवर हे आई करायची. ढोलकी शेजारच्या बकारामच्या पोराच्या गळ्यात, आणि पोरगं चुकत होतं. बाबा ओट्यावर पाहुण्यासारखे बसलेले, मांडीवर बोटं चालताहेत, पोरगं चुकलं की बोटं थांबायची. आई मागे भिंतीला टेकून, पदर तोंडाला लावून. एवढ्या आवाजात खोकली असती तरी कुणाला कळलं नसतं. सवय लागली असणार.

शालीकराम मला पाहून मोठ्याने म्हणाला, "या या, स्पेनवाले! झाली का मिटिंग?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाबांनीही. मी म्हटलं, झाली. बाबांनी विचारलं, "बरं झालं ना?" मी म्हटलं, "एकदम." ते एवढे खूश झाले की मला त्यांचा संताप आला. बाजूच्या माणसाला म्हणाले, "नोकरी टिकली पोराची." आणि पुन्हा बोटं मांडीवर.

बाबांनी जिलेबी घेऊन दिली मला. चौतीस वर्षांच्या माणसाला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज सांगणार होतो. सकाळी पाहुणे होते. दुपारी सांगू म्हटलं. पावणेदोनला हेमराजने परसातली मोटर बंद केली. खुशबूने नळाखाली फडकं ठेवलं. आईने चपला घातल्या. सगळे माझ्याकडे बघू लागले, आता हा आत का जात नाही म्हणून. मग मी गेलो. दार लावलं आणि तासभर निळ्या फरशीकडे पाहत बसलो.

उद्या सांगीन.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज पण गेलो. कानाला हेडफोन लावतो, अधूनमधून काहीतरी बोलतो. बाहेर ऐकू जायला पाहिजे, नाहीतर संशय येईल. कुठे जायचं आता? परवाना नोकरीवर होता. तिकीट रद्द करायचं की तसंच ठेवायचं, हेही ठरत नाही. पिलारबाईला एक शिवी लिहून पाठवावी असं वाटलं, पण तिला मराठी येत नाही.

आज एक विचित्र झालं. मी बोलत होतो, 'शुअर, शुअर, आय विल चेक', आणि बाबा आत आले. मिटिंग चालू असताना आजवर कधी आले नव्हते. हातात चहा. लॅपटॉप उघडा होता पण बंद, स्क्रीन काळी. मी थांबलो. ते थोडा वेळ उभे राहिले, कप पोत्याच्या तुकड्यावर ठेवला, आणि दार ओढून घेतलं. नेहमी ते दार आपटतात. चष्मा डोळ्यांवर नव्हता, त्यामुळे काही दिसलं नसणार.

१६ नोव्हेंबर, रविवार

यांचं काहीतरी शिजतंय. सकाळी हेमराज धरणावरून मासोळी घेऊन आला आणि पहिला तुकडा माझ्या ताटात. गेला महिनाभर हा माणूस माझ्याकडे सरळ बघत नव्हता. जेवताना म्हणतो, "उन्हाळी धानाचे परहे टाकाचे हायेत. एकट्यानं होऊन नाही राहिलं. तू सोबत आला तं बरं होईन, दादा. टाइम भेटला तं." मी म्हटलं, रोपं टाकेपर्यंत मी कुठला, मला अठ्ठावीसला जायचंय. तो म्हणाला, "हो हो, ते तं हायेच." आणि बाबांकडे पाहिलं. बाबा भातात बोटं फिरवत राहिले.

खुशबू तर थेट माझ्याशी बोलली. डोक्यावर पदर, नजर जमिनीकडे, पण थेट. "दादाजी, आनखी देऊ का?" आईमार्फत नाही, दाराआडून नाही. काहीतरी हवं असणार यांना. माझ्या वाट्याची जमीन असेल. मी सावध आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज मी पावणेदोनलाच कोठीत जाऊन बसलो. दार लावलं, हेडफोन चढवला. दोनला पाच मिनिटं कमी असताना पंखा थांबला. लाइट गेली.

मला बरंच वाटलं. आता आई ओरडेल, 'लाइट गेली रे, बोललं तं चालते का', आणि मी लवकर बाहेर येईन. थांबलो. आई ओरडली नाही.

फटीतून पाहिलं. ती आज नहराकडेही गेली नव्हती. चुलीपाशी बसून होती, पदर तोंडात धरलेला, खांदे हलत होते, आवाज नाही. वायफायचा डबा तिच्या डोक्यावरच्या फळीवर आहे, त्याचा हिरवा दिवा विझलेला मला इथून दिसत होता. खुशबूने फडकं नळाखाली सरकवलं. शेजारच्या खळ्यात ट्रॅक्टरवर धान मळणं चालू होतं, तर हेमराज कुंपणापाशी जाऊन दोन्ही हात हलवून त्यांना थांबवत होता. मशीन थांबलं. मग गल्लीतून शालीकराम आला, नेहमीच्या मोठ्या आवाजात काहीतरी बोलत. बाबा ओट्यावरून उठून त्याला आडवे गेले आणि म्हणाले, "हळू बोल गा. पोराची मिटिंग चालू हाय."

शालीकराम म्हणाला, "अरे, पण लाइट तं..."

"हळू बोल म्हटलं ना तुले."

शालीकराम गेला. बाबा कोठीच्या दाराला पाठ करून उंबऱ्यावर बसले.

लाइट गेल्याचं यांच्या कुणाच्या लक्षातही आलं नाही. शालीकराम सांगत होता तेही ऐकून घेतलं नाही. महिनाभर शिकवलं तरी हे असेच राहणार. मी अंधारात बसलो, आणि बाबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालो, "येस, योरिस. येस, आय कॅन हिअर यू."